दार उघडेना की मिटेना

पावसाळ्यात कोल्हापुरात लहान पोरालाही दोन आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आणि एक बातमी दरवर्षी ठरलेली: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. असे सात दरवाजे आहेत. एक उघडला की 1428 क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. उघडायला कुणाला चाक फिरवावं लागत नाही. पाणी ठरलेल्या उंचीला टेकलं की त्याच्याच दाबानं दार उघडतं, पातळी उतरली की आपसूक मिटतं.

फिट म्हणजे काय हे समजावून सांगायला या दरवाजांइतकं सोयीचं दुसरं काही जवळपास नाही.

मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. शांत बसलेल्या पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टनं कमी असतो. शेजारच्या पेशींकडून निरोप येत राहिले की ही तफावत कमी होत जाते आणि ती 55 च्या आसपास आली की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं धडाधड उघडतात. सोडियम आत घुसतो आणि पेशी ‘बोलते’. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी पुन्हा गप्प होते. सगळं आपोआप, दाबावर चालणारं.

उपमा इथवरच ताणावी. राधानगरीचं दार उघडलं की तास न् तास उघडं राहतं. सोडियमचं दार सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून बंदही होतं. शिवाय त्याला आतल्या बाजूनं आणखी एक झडप असते. पुढचं दार उघडंच असलं तरी ती झडप येऊन भोकात बसते आणि वाट अडवते. ही झडप नीट बसली नाही तर सोडियम झिरपत राहतो, पेशी गप्प बसायचं नाव घेत नाही. आणि दारच कमी पडली, तर पेशीला बोलताच येत नाही.

म्हणजे बिघाड दोन तऱ्हांचे: दार उघडेना, किंवा दार मिटेना. दोन्हींतून शेवटी होतं एकच: मेंदूतल्या कितीतरी पेशी एकदम, न थांबता बोलू लागतात. घरच्यांनाही दोन्हींत दिसतं ते एकच. डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो. आपल्याकडे त्याला आकडी म्हणा, फेफरं म्हणा, फिट म्हणा. बाहेरून बघून आतल्या दाराचं काय झालंय ते कळत नाही, आणि औषध मात्र त्या दारावरच चालायचं असतं.

दार हे प्रथिन. ते कसं घडवायचं याचा आराखडा जनुकात. आकडीशी थेट नातं असलेलं पहिलं जनुक 1995 साली सापडलं, झोपेत झटके येणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात. गंमत म्हणजे तेही दाराचंच निघालं, शेजारच्या पेशीचा निरोप घेणाऱ्या दाराचं. पुढच्या तीस वर्षांत अशी जनुकं शेकड्यांनी सापडली आणि त्यांतली बरीचशी याच दारांची, झडपांची, किंवा दारं जागेवर बसवणाऱ्या गड्यांची निघाली.

सुरुवात पाचवीपासून करू. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. नेमक्या त्याच सुमारास, जन्मानंतर दुसऱ्या ते आठव्या दिवसांत, काही बाळांना झटके सुरू होतात. अंग ताठतं, चेहरा लाल-निळा होतो, श्वास क्षणभर अडतो, एक हात झटकू लागतो, मिनिटभरात सगळं थांबतं आणि बाळ दूध प्यायला लागतं. दोन झटक्यांच्या मध्ये ते अगदी चांगलं असतं. चौकशी केली की आजी सांगते, “ह्याच्या बापालाबी झालंतं की असंच बारक्यापणी. सटवीचा फेरा म्हणून सोडून दिलं.” आजीची ही एक ओळ एमआरआयपेक्षा कामाची आहे. हे केसीएनक्यू2 नावाचं, पोटॅशियमच्या दाराचं जनुक. 1998 साली त्याचा शोध लागला. पेशीला गप्प करणारं दारच अर्धवट चालतं. घराण्यात चालत आलेला हा प्रकार बहुतेक बाळांत काही महिन्यांत आपोआप थांबतो. पण दाराचं नुकसान जास्त असेल तर त्याच जनुकातून गंभीर आजारही होतो, आणि तिथं आजीकडे सांगण्यासारखं काही नसतं.

अशा बाळाला साधी, जुनी, स्वस्त कार्बामॅझेपिन चांगली लागू पडते. पोटॅशियमचं दार दुरुस्त करता येत नाही, मग समोरच्या सोडियमच्या दाराला अडसर लावायचा. कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही सगळी अडसर लावणारी औषधं. ती बंद झालेल्या दाराला लवकर उघडू देत नाहीत.

आता हीच गोळी दुसऱ्या बाळाला देऊ. बाळ पाच-सहा महिन्यांचं. वाढ उत्तम, हसतं, पालथं पडतं. तिसरी लस झाली, रात्री ताप आला आणि आकडी आली. साधी तापातली आकडी दोन-चार मिनिटांत थांबते. ही वीस मिनिटं, अर्धा तास चालली, आणि फक्त डाव्या अंगाला. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा, या वेळी उजव्या अंगाला, आणि ताप तर अगदी 99-100. एमआरआय नॉर्मल, ईईजी म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, तोही नॉर्मल. घरात एकच वाक्य: “लस टोचली, आन् त्या रातीपास्नं पोरगं बिघडलं.”

एका अंगाची, लांबलेली, किरकोळ तापात येणारी, पुढच्या वेळी बाजू बदलणारी आकडी. हे चार मुद्दे एकत्र दिसले की एससीएन1ए या जनुकाचं नाव डोक्यात यायलाच हवं. आजाराचं नाव ड्राव्हे सिंड्रोम. शार्लोट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरनं 1978 साली त्याचं वर्णन केलं, जनुक सापडलं 2001 साली. लसीचा दोष किती, याचं उत्तर 2006 साली आलं. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबाबत मानलं जात होतं, अशा 14 जणांचं जनुक बर्कोव्हिक या ऑस्ट्रेलियन मेंदूरोगतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तपासलं. 11 जणांत एससीएन1ए बिघडलेलं निघालं. बिघाड जन्माच्या आधीपासूनचा. लसीनं आलेला ताप हे फक्त निमित्त. तो ताप लसीचा नसता तर सर्दीचा असता. म्हणून पुढच्या लसी चुकवायच्या नसतात. त्या दिवशी तापाची तयारी ठेवायची आणि आकडी थांबवणारं औषध हाताशी ठेवायचं.

एससीएन1ए हा सोडियमच्या दाराचा आराखडा आहे आणि ड्राव्हेत त्याच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असते, म्हणजे निम्मी दारं कमी. मग प्रश्न पडतो: सोडियमची दारं कमी झाल्यावर मेंदू शांत व्हायला हवा, आकडी का यावी? कोडं 2006 च्या सुमारास उंदरांवरच्या कामानं सुटलं. हे विशिष्ट दार मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींत असतं. मेंदूत बोलणाऱ्या पेशी असतात तशा त्यांना ‘बास आता’ म्हणणाऱ्याही असतात. त्या गाबा नावाचं रसायन सोडतात आणि इतरांना थोपवतात. दारं कमी पडल्यामुळे मुक्या झाल्या त्या थोपवणाऱ्याच. तालमीत वस्तादच नसेल तर पोरं काय करतील, तसं.

आता कार्बामॅझेपिन देऊन बघा. आधीच निम्म्या दारांवर कशाबशा चालणाऱ्या आवर घालणाऱ्या पेशींच्या उरलेल्या दारांनाही अडसर. झटके वाढतात. घरचे म्हणतात डोस पुरत नसेल, मग डोस वाढतो, झटके आणखी वाढतात. आठवड्याच्या बाळाला जी गोळी तारते तीच सहा महिन्यांच्या बाळाला मारक ठरते, आणि गोळीच्या पाकिटावर दोघांसाठी लिहिलेलं असतं एकच, ‘फिटसाठी’.

ड्राव्हेत सुरुवात व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामनं होते. पुढच्या फळीत स्टिरिपेंटॉल, टोपिरामेट, कॅनाबिडिऑल, फेनफ्लुरामिन. हे शेवटचं औषध मजेशीर आहे. वजन कमी करण्यासाठी विकलं जायचं, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून 1997 साली बाजारातून गेलं आणि 2020 साली कमी मात्रेत, हृदयाची नियमित इको तपासणी करण्याच्या अटीवर, ड्राव्हेसाठी परत आलं. सगळी औषधं सगळीकडे मिळत नाहीत, परवडत तर त्याहून नाहीत. पण चुकीचं औषध बंद करायला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते जनुकाच्या रिपोर्टचा आपल्याकडे होणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. मात्र बंद करायचं तेही डॉक्टरांच्या सांगण्यानं, पायरीपायरीनं. आकडीची कुठलीही गोळी एका झटक्यात थांबवली तर त्यानंच आकडी लांबते.

या मुलांचं आंघोळीशीही वाकडं असतं. आपल्याकडे बंबातलं कढत पाणी, त्यात जेमतेम विसण घालून, तांब्यावर तांब्या डोक्यावर ओतणे म्हणजे आंघोळ. ड्राव्हेच्या मुलाला अंग तापलं की पुरे. ताप असो, उन्हातली जत्रा असो की गरम पाणी. कोमट पाणी, मानेखालून, आणि मोरीचं दार आतून बंद करायचं नाही.

पण गरम पाण्यानं आकडी आली म्हणजे ड्राव्हेच, असंही नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात, विशेषतः दक्षिण भागात, ‘गरम पाण्याची आकडी’ हा वेगळाच प्रकार चांगला परिचयाचा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत त्यावर बरंच काम झालं आहे. 40 ते 50 अंशांचं पाणी डोक्यावर भराभर ओतताना भान हरपतं. काही जण तर तंद्री लागल्यासारखे स्वतःच्या हातानं आणखी आणखी ओतत राहतात. एरवी माणूस धडधाकट. घराण्यांचा अभ्यास करून 10 व्या आणि 4 थ्या गुणसूत्रावर याच्या जागा दाखवल्या गेल्या आहेत. उपाय मात्र जनुकाची वाट बघत नाही. पाणी कोमट, डोक्यावर ओतणं बंद, डोकं वेगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर आंघोळीआधी दीड-दोन तास क्लोबाझामची गोळी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. बऱ्याच जणांना रोजचं औषध लागतच नाही.

एससीएन2ए नावाच्या शेजारच्या जनुकानं तर आणखी पुढचं शिकवलं. जनुक तेच, पण झटके वयाच्या 3 महिन्यांआधी सुरू झाले असतील तर बहुधा दार मिटत नसतं, आणि अडसर लावणारी औषधं, कधी चांगल्या मोठ्या मात्रेत, लागू पडतात. 3 महिन्यांनंतर सुरू झाले तर बहुधा दार उघडत नसतं, आणि तीच औषधं बाधतात. म्हणजे रिपोर्टवरचं जनुकाचं नाव ही अर्धीच माहिती. उरलेली अर्धी पहिली आकडी कितव्या दिवशी आली, त्यात आहे. ती तारीख आईला आठवते, फाईलमध्ये सहसा नसते.

दारांतून बाहेर पडून आता गुळाकडे येऊ. ज्या गावात गुऱ्हाळाचा वास ऊसपट्टा ओलांडून रस्त्यावर येतो, तिथं एखाद्या मुलाचा मेंदू साखरेवाचून उपाशी असू शकतो. रक्तातली साखर मेंदूत न्यायला ग्लुट1 नावाचा हमाल असतो. एसएलसी2ए1 हे त्याचं जनुक. तो कमी पडला की बाजारात माल भरपूर आणि घरात चूल थंड. खूण अशी: सकाळी उपाशीपोटी मूल जास्त अडखळतं, झटके जास्त येतात, न्याहारी झाली की बरं होतं. “खाल्ल्याशिवाय ह्याचं डोस्कंच चालत न्हाई,” असं घरचे चेष्टेनं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. चार वर्षांच्या आत सुरू झालेली, क्षणभर टक लावून बघत राहण्याची आकडी असली तरी हा विचार करावा.

तपासणी जुनी आणि साधी आहे. मूल चार-सहा तास उपाशी ठेवून आधी रक्तातली साखर, मग लगेच पाठीतलं पाणी काढून त्यातली साखर. क्रम उलटा झाला तर सुईच्या भीतीनं रडून रक्तातली साखर चढते आणि गुणोत्तर फसतं. एरवी पाठीतल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. या आजारात ती बहुधा निम्म्याहून कमी, बऱ्याचदा डेसिलिटरला 40 मिलिग्रॅमच्या खाली सापडते. मेंदूज्वरातही ती खाली येते, म्हणून त्याच पाण्यातल्या पेशी आणि प्रथिनंही बघायची.

औषध म्हणजे जेवण. साखर जात नाही तर मेंदूला दुसरं जळण द्यायचं, चरबीतून तयार होणारी कीटोन्स. कीटोजेनिक आहार आकडीसाठी 1921 पासून वापरात आहे. आता त्याचं वजन कमी करण्याचं फॅड झालं, तो भाग वेगळा. कडक प्रकारात 4:1 हे प्रमाण धरतात, म्हणजे 4 ग्रॅम चरबीला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून 1 ग्रॅम. हिशेब करून बघा. दिवसाला 1000 कॅलरी लागणाऱ्या मुलाला 100 ग्रॅम चरबी आणि बाकी सगळं मिळून 25 ग्रॅम. त्यातले 15 ग्रॅम वाढीसाठी प्रथिनांना गेले की कर्बोदकांना दिवसभरात उरले 10 ग्रॅम. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच तिसाच्या वर असतात. म्हणजे भाकरी, भात, आमटीतली डाळ, गुळाचा खडा, सगळं बाद. उरतं ते तूप, लोणी, साय, अंडं, पनीर, सुकं खोबरं, मोजके शेंगदाणे, पालेभाजी. पांढऱ्या रश्श्यातलं खोबऱ्याचं दूध चालतं, हे ऐकून कोल्हापुरी आईचा चेहरा जरा खुलतो. पण तोही वाटीनं नाही, ग्रॅमच्या काट्यावर.

फसतं ते जेवणात नाही, बाजूला. खोकल्याचं गोड सिरप, जंताचं चघळायचं औषध, शाळेतला वाढदिवसाचा पेढा, देवळातला प्रसाद, शेजारच्या काकूंनी मायेनं घातलेला साखरेचा चिमूटभर घास. लघवीतली कीटोन्सची पट्टी दुसऱ्या दिवशी फिकी पडते तेव्हा चोर शोधावा लागतो. आकडीची औषधंसुद्धा सिरपऐवजी गोळीत मागून घ्यावीत. ग्लुट1 मध्ये चहाही टाळायला सांगतात, त्यातलं कॅफिन उरल्यासुरल्या हमालालाही अडवतं म्हणून. सुरुवातीला उलट्या, सुस्ती, साखर उतरणं होतं. पुढे बद्धकोष्ठता, मुतखडा, वाढ खुंटणं यांवर लक्ष लागतं. चरबी जाळण्याचाच जन्मजात दोष असलेल्या मुलाला हा आहार जिवावर बेततो, म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या. मोबाईलवर बघून घरी सुरू करण्याची ही गोष्ट नाही.

याहून स्वस्तात सुटणारा एक आजार आहे. नवजात बाळाच्या झटक्यांना कुठलंच औषध दाद देत नसेल तर पिरिडॉक्सिन, म्हणजे बी6 जीवनसत्त्व, देऊन बघायचं. शिरेतून 100 मिलिग्रॅम. श्वास थांबू शकतो म्हणून कृत्रिम श्वासाची तयारी ठेवूनच. 1954 पासून माहीत असलेल्या या आजाराचं एएलडीएच7ए1 हे जनुक 2006 साली सापडलं. बाळाला ते जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं आणि तापात ते चुकवून चालत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. जांभळ्या टोपणाच्या नळीत 2 ते 4 मिलिलिटर रक्त. इतकंच, पण त्यातही फसतं. नळी भरल्यावर अलगद आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली नाही तर रक्ताची गुठळी होते आणि नमुना परत मागवला जातो. नमुना गोठवायचा नाही, उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. बाळाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर तसं लिहायचं. आणि फॉर्मवर ‘सीझर डिसऑर्डर’ एवढेच दोन शब्द लिहून पाठवायचं नाही. पहिल्या आकडीचं वय, ती किती मिनिटं चालली, कुठल्या अंगाला, तापात की विनाताप, वाढ कशी, घराण्यात कुणाला, आईवडिलांचं नातं काय, हे सगळं लिहायचं. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसापुढे जनुकांतल्या हजारो फरकांचा ढीग असतो. कुठला उचलायचा हे त्याला या ओळींवरूनच कळतं.

बहुतेक वेळा एक्सोम तपासतात. 3 अब्ज अक्षरांतला प्रथिनांचे आराखडे असलेला भाग, जेमतेम दीड-दोन टक्के. काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो आणि त्यात अशी एखादी ओळ असते: एससीएन1ए, सी. 2836 सी > टी, पी. आर्ग946सिस. घाबरण्यासारखं काही नाही, पत्ता आहे तो. आराखड्यातलं 2836 वं अक्षर सी हवं होतं, तिथं टी आलं. तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणून प्रथिनाच्या माळेत 946 व्या जागी आर्जिनीन या मण्याऐवजी सिस्टीन बसलं. ही जागा दाराच्या भोकाशीच आहे, जिथून सोडियम आत जातो. सुमारे 2000 मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि दार निकामी झालं.

ओळीच्या पुढचा शेरा जास्त महत्त्वाचा. 2015 पासून अशा फरकांना पाच पायऱ्यांत बसवतात: नक्की रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ न लागलेला, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर सगळा घोळ होतो. ‘अर्थ न लागलेला’ हा निकाल नसतो. त्यावरून औषध बदलायचं नाही आणि पुढचं बाळ ठेवायचं की नाही हे तर मुळीच ठरवायचं नाही. आईवडिलांचं रक्त तपासायचं. तोच फरक धडधाकट बापात सापडला तर संशय कमी होतो, दोघांतही नसला तर वाढतो. रिपोर्ट दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचून घ्यावा. रक्त तेच असतं, पण दरम्यान जगभरातून माहितीची भर पडलेली असते. काही सापडलं नाही याचा अर्थ जनुकात काही नाही असाही नसतो. मोठा तुकडाच गळाला असेल तर साध्या एक्सोममध्ये तो निसटू शकतो. आणि बिघाड मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशींतच असेल तर रक्तात तो दिसणारच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातच सापडतो.

रिपोर्ट हातात आला की घरात प्रश्न एकच: कुणाकडनं आलं? माहेरकडनं की सासरकडनं? ड्राव्हेत दहातल्या नऊ मुलांत उत्तर असतं, कुणाकडूनच नाही. बिघाड मुलात नव्यानं झालेला असतो. “आमच्यात कुणालाच न्हाई हो असलं,” असं दोन्ही आज्या तावातावानं सांगत असतात आणि दोघींचंही खरं असतं. हे सुनेसमोर, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगण्याची जबाबदारी डॉक्टरची आहे, असं मला वाटतं. फक्त एक मेख राहते: आई किंवा वडिलांच्या बीजपेशींपैकी काहींतच तो बिघाड दडलेला असू शकतो, म्हणून पुढच्या बाळाचा धोका अगदी शून्य म्हणता येत नाही.

मामाची मुलगी करून घेतलेल्या घरांत चित्र वेगळं. तिथं दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येऊन जमणारे आजार वाढतात; वरचा बी6 चा आजार त्यातलाच. धोका प्रत्येक गरोदरपणात चारात एक. “एकाला झालंय, म्हणजे आता पुढची तीन सुटली,” असा हिशेब लोक करतात, तो साफ चूक. दर वेळी फासा नव्यानं पडतो. बिघाड नेमका माहीत असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं. 1994 चा कायदा गर्भलिंग सांगायला बंदी करतो. नोंदणीकृत केंद्रात अशा आजारांची तपासणी करायला नाही. पण दिवस गेल्यावर धावाधाव सुरू केली तर वेळ पुरत नाही, पत्ता आधी लागलेला हवा.

प्रत्येक फिट जनुकाची नसते हेही सांगायला हवं. आपल्याकडे पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारी गाठ हे आकडीचं नेहमीचं कारण आहे, आणि तिथं एक्सोमवर पैसे घालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तरुणांत सकाळी उठल्या उठल्या हातातला चहाचा कप उडवणारी जी आकडी असते, तिच्यामागे अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो. एक जनुक पकडून काही साधत नाही. अशा व्यक्तीच्या मुलांना आकडी होण्याची शक्यता शंभरात चार-पाच, इतरांत एखादी. लग्नाच्या बोलणीत हा आकडा कुणी सांगत नाही. कायद्यानं मात्र 1999 सालीच अपस्मार, म्हणजे आकडी, हे विवाह रद्द करण्याच्या कारणांतून काढून टाकलं आहे.

कुठलं औषध कुणाला बाधेल, हेही जनुकं सांगतात, आणि याची गरज मोठ्या माणसांनाही पडते. एचएलए-बी या जनुकाचा एचएलए-बी*1502 हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना कार्बामॅझेपिननं अंगाची कातडी सोलून निघण्याइतकी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. 2004 साली तैवानमध्ये हे दिसलं. भारतात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत अशा 8 पैकी 6 रुग्णांत हाच प्रकार सापडला. ही तपासणी सगळ्यांची होत नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल असं काही दिसलं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. फेनिटॉइनची भानगड वेगळी. सीवायपी2सी9 या जनुकाचा मंद प्रकार असला की ते शरीरात साठत जातं. रक्तात मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम ही त्याची हद्द, आणि हद्दीजवळ डोस किंचित वाढवला तरी पातळी एकदम उसळते. माणूस झोकांड्या देत चालतो, एकाचे दोन दिसतात, आणि गल्लीत बोभाटा होतो की सकाळी सकाळी लावून आलाय. आणि पीओएलजी जनुकात बिघाड असेल तर व्हॅल्प्रोएट यकृत निकामी करतं. हे सगळ्यात वाईट, कारण पहिलं हाताशी येणारं औषध तेच असतं.

दार दुरुस्त करण्याचं काय? ड्राव्हेत एक प्रत चांगली असते. तिच्याकडूनच जास्त दारं बनवून घेणारी, पाठीच्या पाण्यात टोचायची औषधं माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. ती येतील तेव्हा येतील.

तोवर घरात काय असावं ते सांगतो. एक जाड कागद, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत. एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक दप्तरात, एक गाडीच्या कागदपत्रांत. त्यावर मुलाचं वजन आणि वजन केल्याची तारीख, आजाराचं आणि जनुकाचं नाव. चालू औषधं मिलिग्रॅममध्ये. ‘अर्धी गोळी’ असं लिहायचं नाही, गोळी दोन ताकदींची मिळते. मग लाल शाईनं: ही औषधं देऊ नयेत. ड्राव्हे असेल तर अपघात विभागात सवयीनं पहिल्यांदा टोचलं जाणारं फेनिटॉइन त्या यादीत सगळ्यात वर. त्याखाली आकडीत काय करायचं: कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा, जमल्यास मोबाईलवर चित्रण करा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल नाही, हातात किल्ल्या नाहीत, पाणी नाही. 5 मिनिटांत थांबली नाही तर नाकात मिडाझोलामचा फवारा, किलोला 0.2 मिलिग्रॅम या हिशेबानं. 10 किलोच्या मुलाला 2 मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम असलेली बाटली असेल तर चार फवारे, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. पण 1.25 मिलिग्रॅमचीही बाटली मिळते, आणि तिच्यातूनही सवयीनं चार मारले तर 5 मिलिग्रॅम जातात, अडीचपट, आणि श्वास मंदावतो. म्हणून किती फवारे हे कागदावर लिहिताना बाटलीवरचा आकडाही शेजारी लिहायचा, आणि दुकानदारानं नवी बाटली दिली की काउंटरवरून हलण्याआधी तो ताडून बघायचा.